साज न घेतलेली मोटर

३ एप्रिल १९३८, रविवार. तिवसा.

आजपासून रोजनिशी. साहेब लोक लिहितात. वही माझ्या मुलीची, जमुनाची, कोरी होती. ती मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी आली आहे, तिला आता वही कशाला? भाषा शुद्ध ठेवायची. वऱ्हाडी एक शब्द येऊ द्यायचा नाही.

लिहिण्याचं कारण : साडभाऊ, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, सूर्यभान याने मोटर घेतली. अकोल्याला कापसाची दलाली करतो, त्यात भागतं वाटतं. वेलमोर कंपनीची, काळी, लांबलचक. तासभर आमच्या दारात उभी होती. सारं तिवसा गोळा झालं. गोठ्यात माझी पटाची बैलजोडी बांधलेली, यंदाच्या शंकरपटाच्या शर्यतीत पहिली आलेली. तिच्याकडे एकानेही पाहिलं नाही.

मला काही वाटलं नाही. मुळीच नाही. जेवण मात्र गेलं नाही.

५ एप्रिल

सूर्यभान मोटरीचं कॅटलॉग ठेवून गेला. वाचा म्हणे, समजलं तर.

जमुनाला वाचायला बसवलं. वेलमोर दोन जातींची येते. एक सलून, दुसरी स्पोर्ट. वरून दोघी सारख्या. तेच दिवे, तेच दरवाजे, त्याच गाद्या. फरक आतून. सलूनला साठ घोड्यांची ताकद, स्पोर्टला पंच्याण्णव. एक घोडा म्हणजे दीड बैल धरला, तर एकशे साडेबेचाळीस बैल. अर्धा बैल कोणता, ते पाहावं लागेल.

सूर्यभानची सलून आहे.

घोडे कशाने वाढतात ते जमुना पुढे वाचत होती. ब्लोअर म्हणून काही यंत्र, पुढच्या बाजूला, इंजिनात हवा कोंबतं. मी म्हटलं, पोरी, ते राहू दे. जनावर पाहून घ्यावं, त्याची पत्रिका वाचू नये. मी तीस वर्षं बैल पारखतो. सलून म्हणजे वखराचा बैल, स्पोर्ट म्हणजे पटाचा. इतकं सोपं आहे. लोक उगाच इंजिनियर होतात.

निश्चय : घेईन तर स्पोर्ट.

१२ एप्रिल

अमरावतीला चौकशी केली. नवी स्पोर्ट मुंबईहून मागवावी लागेल. किंमत ऐकून मी पाणी मागितलं. ऊन फार होतं.

पण योग पाहा. अकोल्यालाच एका जहागीरदारांकडे स्पोर्ट आहे. दोनच वर्षं वापरलेली. जहागीरदार वारले, कारभारी विकून राहिला. (विकत आहे.)

२० एप्रिल

पैशाची सोय झाली. संत्र्याचा बगीचा माझ्या बायकोला, सत्यवतीला, तिच्या वडिलांनी दिलेला, त्याचा आंबिया बहार झाडावरच ठेकेदाराला देऊन टाकला. सत्यवती म्हणे, अवो, तो पैसा जमुनाच्या नागपूरचा आहे. पोरीला नागपूरच्या मेडिकल स्कूलात जायचं आहे, एल. एम. पी. डॉक्टर व्हायचं आहे. मी समजावलं, निकाल तर लागू दे. आणि डॉक्टरणीच्या बापाला मोटर नसली तर पेशंट काय म्हणतील? यावर ती उठून चुलीकडे गेली. म्हणजे पटलं.

पटाची जोडीपण दिली. गोवर्धन रडला. बारा वर्षं तो माझा धुरकरी, पटात जोडी तोच हाकायचा. सांगितलं, मूर्खा, दोन बैलांच्या जागी एकशे साडेबेचाळीस हाकशील. ड्रायव्हर केलं तुला. तो म्हणे, मालक, मोटरीच्या पाठीवर हात फिरवला तर तिले समजते का?

जोडी देताना साज काढून घेतला, रिवाजाप्रमाणे. झूल, घुंगरमाळा, शिंगांच्या पितळी टोप्या. बैल विकतात, साज विकत नाहीत. घेणाराही मागत नाही. जो मागतो तो नवखा.

२ मे. अकोला.

घेतली!

सविस्तर लिहितो, कारण व्यवहार कसा करावा हे यातून शिकण्यासारखं आहे. कारभारी भगवंतराव. माणूस गोड, म्हणून मी सावध. मोटरीभोवती तीन फेऱ्या घातल्या. चाकांना लाथ मारून पाहिली. बॉनेट उघडून आत तोंड घातलं, वास घेतला. नाडी पाहिल्यासारखा हात ठेवला, भाजला. कोटाच्या खिशात घातला.

बाजूला गोणपाटावर एक लोखंडी डबा ठेवला होता, पॉलिश केलेला, पंखांपंखांचा, चकचकीत. भगवंतराव म्हणे, हा साफ कराले काढला होता, पुढं बसवायचा राहिला, अमरावतीहून मिस्त्री येईन, दोन दिवस थांबा, मंग घेऊन जा.

मी मनात हसलो. दोन दिवसांत दुसरं गिऱ्हाईक आणायचं आणि भाव चढवायचा! आणि हा डबा म्हणजे काय? मोटरीच्या तोंडापुढे लावायची शोभा. घुंगरमाळ! मी म्हटलं, कारभारी, आम्ही बैल घेतो, साज घेत नाही. साज तुमचा तुमच्याजवळ ठेवा. तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. म्हणे, पाहा बरं, उत्तमराव, पक्कं ना? मी म्हटलं, पक्कं, आणि त्याचे साठ रुपये कमी करा. केले! पावतीवर लिहूनपण घेतलं, पुढचा डबा घेणाऱ्याने राजीखुशीने सोडला म्हणून.

साठ रुपये! सूर्यभान दलाल असून त्याला हे जमलं नसतं.

४ मे

मोटर दारात. गावातल्या बाया ओवाळायला आल्या. सत्यवतीने नारळ फोडला, कुंकू लावलं, आरती केली. पोस्टमास्तर, पाटील, तलाठी, सगळे हजर. मी पंच्याण्णव घोड्यांवर चार शब्द बोललो.

जमुना मोटरीच्या पुढे उभी राहून बराच वेळ पाहत होती. खाली वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. आनंदाने पोरीच्या तोंडून शब्द फुटला नाही.

१४ मे

चाल जरा मंद वाटते. गोवर्धन म्हणे, मालक, काही पंच्याण्णव वाटून नाही राहिले. मी म्हटलं, नवा मालक, नवं गाव, जनावर बुजतंच. महिनाभर हात फिरव.

तोही खरंच फिरवतो. पाहिलं मी.

२२ मे

सूर्यभानला पत्र टाकलं होतं. पुढच्या रविवारी बडनेऱ्याहून मूर्तिजापूर. दोन वेलमोर, एकच सडक. त्याचं उत्तर एका ओळीचं : या, भाऊ, वाट पाहतो.

जमुना म्हणे, बाबा, कशाले शर्यत? जाऊ द्या. मुलीच्या जातीला भीती वाटणारच. समजूत घातली.

२९ मे, रविवार. रात्री. मूर्तिजापूरच्या डाकबंगल्यात.

हरलो.

थोडक्यात नाही. त्याची मोटर शिट्टी वाजवल्यासारखा आवाज करत बाजूने गेली, मग नुसता धुरळा, मग धुरळाही नाही. आम्ही पोचलो तेव्हा सूर्यभान झाडाखाली टरबूज खात बसला होता. एक फोड मला दिली. मी खाल्ली. काय करतो?

कारणं : १) वारा समोरून. २) सकाळचे आलूबोंडे. ३) गोवर्धनने मला विचारून हॉर्न वाजवला, त्यात वेळ गेला. ४) म्हशी. (म्हशी त्यालाही आडव्या आल्या असतील, पण त्याला कमी.)

सलून स्पोर्टच्या पुढे जाते हे शास्त्रात बसत नाही. कॅटलॉगमध्येच चूक असावी.

१ जून

गोवर्धनने सूर्यभानच्या ड्रायव्हरशी बोलून सगळं काढलं. सांगताना जमिनीकडे पाहत होता. मी बोल म्हटलं तेव्हा बोलला.

तो डबाच ब्लोअर होता. तोच हवा कोंबतो. डबा काढला की स्पोर्टची सलून होते, पंच्याण्णवाचे साठ होतात. मी पंच्याण्णव घोड्यांचे पैसे दिले आणि पस्तीस घोडे साठ रुपयांत सोडून आलो. पावतीसकट.

आणि तो डबा भगवंतरावाने त्याच आठवड्यात विकला. कोणाला? सूर्यभानला. त्याने मिस्त्री आणून आपल्या सलूनला बसवून घेतला.

म्हणजे स्पोर्ट त्याची आहे. सलून माझी.

गोवर्धन म्हणे, मालक, आमच्या पटात बी असं कोनी केलं नाई. मी म्हटलं, जा, चाकं धू.

३ जून. अकोला.

भगवंतरावाकडे गेलो. भांडायचं ठरवून. तो ओरडला नाही, हसला नाही, चहा दिला. पावती पुढे ठेवली. म्हणे, मी दोनदा इचारलं होतं, उत्तमराव, पक्कं ना म्हणून. खरं आहे. दोनदाच नाही, मला वाटतं तीनदा विचारलं होतं.

त्याच्या अंगणात एक बैलजोडी उभी होती. चांगली होती. पारख करण्याचा धीर झाला नाही. मान खाली घालून बाहेर पडलो.

निश्चय : तिवश्यात कोणाला कळू द्यायचं नाही.

११ जून

जमुना पहिल्या वर्गात पास. पेढे वाटले. लोक मोटरीकडे पाहून पेढा घेत होते आणि गालात हसत होते. मला तसं वाटलं असेल.

१८ जून

नागपूरहून पत्र. सीट मिळाली. तीस तारखेच्या आत फी आणि बोर्डिंगचे पैसे भरायचे, नाहीतर सीट दुसऱ्याला.

घरात पैसा नाही. जो होता तो दारात उभा आहे, चार चाकांवर.

जमुनाला म्हटलं, पुढच्या वर्षी जा, सीट कुठे पळते? ती बरं म्हणाली. रडली असती तर मला रागवता आलं असतं. बरं म्हणून ती गाईला पाणी दाखवायला गेली. सत्यवती संध्याकाळी जेवायला वाढून माझ्यासमोरून उठून गेली. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

२० जून

एक गोष्ट लिहावी की नाही, दोन दिवस विचार करतो आहे. लिहितो.

जमुनाला म्हटलं, ते कॅटलॉग काढ, ब्लोअरचं पान वाच. तिने पान शोधलं नाही. उघडलं, तेच पान. मी विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणे, पूजा होती त्याच दिवशी. चित्रात पुढं डबा हाये, आपल्या मोटरीले नाई.

मग सांगितलं का नाही?

म्हणे, सारं गाव उभं होतं, बाबा. आई आरती करून राहिली होती. तुमी इतके खुश होते. तुमाले चार माणसांत खाली पाहायले कशी लावू?

आणि मागून, लोक गेल्यावर? मागून म्हणे, शर्यतीच्या टायमाले सांगत होती. तुमीच समजूत घातली.

आपली फी कशात गेली हे पोरीला सात आठवडे माहीत होतं. आणि ती मला रोज सकाळी चहा आणून देत होती. लाज म्हणजे काय, ते मला पन्नासाव्या वर्षी समजलं. कुठे जावं ते समजत नाही. मी गोठ्यात जाऊन बसलो. गोठा रिकामा आहे.

निश्चय : मोटर विकायची. पंच्याण्णव घोड्यांचीच म्हणून विकायची. मी फसलो तसा दुसरा फसेल, जगाचा रिवाज आहे. फी निघेल, वर चार पैसे राहतील, तोंडही राहील.

२४ जून

अचलपूरचे शेषराव देशमुख मोटर पाहायला आले. बागाईतदार माणूस, दोन शब्दांच्या वर बोलत नाही. मी बॉनेट उघडलं. स्पोर्ट आहे म्हटलं. पंच्याण्णव म्हटलं. ते म्हणे, कागद असन काही? जमुनाला हाक मारली, कॅटलॉग वाचून दाखव म्हटलं.

पोरीने वाचलं. इंग्रजी वाचायची, मग मराठीत सांगायची. दिवे, गाद्या, घोडे. मग त्या पानावर आली. ते कॅटलॉग मी गेल्या चार दिवसांत तिच्याकडून चारदा वाचून घेतलं आहे, ओळ न् ओळ ठाऊक आहे. हवा कोंबणाऱ्या डब्याची ओळ तिने सोडली. डोळे वर केले नाहीत, आवाज बदलला नाही, सरळ टायरवर गेली.

माझी जमुना कधी खोटं बोलत नाही. लहानपणी दुधाचं भांडं सांडलं तर स्वतः येऊन सांगायची. आज माझ्यासाठी खोटं वाचलं. मी तिला शिकवलं ते हे.

सगळं टायरचं वाचून होईतो गप्प राहिलो. तेवढा वेळ मी गप्प राहिलो, हेही लिहून ठेवतो. मग म्हटलं, शेषराव, थांबा. पोरीनं एक ओळ सोडली. मीच सोडायले लावली समजा. हिचा डबा नाई. मी साज समजून सोडून आलो. हे साठच घोडे आहेत.

वाटलं, आता उठून जाईल माणूस.

शेषरावांनी सुपारी गालात सरकवली. म्हणे, ते मालूम आहे मले. अकोल्यापासून अचलपूरपर्यंत सबन वऱ्हाडाले मालूम आहे, उत्तमराव. आमच्याकडं बैलबाजारात सांगून राहिले लोक. म्हणूनच त आलो. स्वस्तात भेटन म्हणून.

स्वस्तातच भेटली त्यांना. जाताना म्हणे, बाकी साज घेऊ का, का तोबी ठेवता? गोवर्धन हसला. पहिल्यांदाच हसला, जोडी गेल्यापासून. मी रागावलो नाही.

फी आणि बोर्डिंगचं भागतं. वर काही नाही.

२६ जून

निश्चय करायला बसलो होतो. सुचला नाही.

सत्यवती जमुनाची पेटी भरून राहिली आहे. चिवडा, लोणचं, दोन लुगडी, चादर. मी विचारलं, मी काही आणू का अमरावतीहून? म्हणे, काही नको.

२८ जून, मंगळवार

आज जमुना नागपूरला गेली. सडकेवरून सकाळी साडेसातला उतारूंची सर्व्हिस मोटर होती. मी पाच वाजताच उठलो. आंघोळ केली, कोट घातला, पगडी बांधली, बूट पुसून घातले. ओसरीवर येऊन बसलो.

गोवर्धनने पेटी डोक्यावर घेतली. जमुना पाया पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवला. सत्यवतीने पेटीच्या कुलपाची किल्ली कंबरेला खोचली आणि दोघी निघाल्या. वळणापर्यंत दिसत होत्या. मी बसलोच होतो.

मले कोनी चला म्हनलं नाई.