ओलियुसच्या थडग्यावरचं गवत

गॅल्व्हस्टन, ऑक्टोबर

प्रिय एल्मिर,

गेल्या वर्षी तिकडे होते तेव्हा एका सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकले, कॉफी गाळली आणि चुन्याची बादली घेऊन तुझ्याबरोबर कब्रस्तानात आले. सर्व संतांच्या सणाआधी थडगी रंगवायची होती. माझ्या ओलियुसच्या थडग्याभोवती कमरेइतकं गवत बघून तू म्हणालीस, "ताई, लोक म्हणतील नवरा गेला आणि बाई आळशी झाली!" आणि कुदळीने सगळं खरवडून काढलंस.

इकडे लेकीकडे सगळं ठीक. तिचं बाळ आता बाळसं धरतंय. तुझा गुडघा कसा आहे?

परवा घरामागच्या माळावर तेच गवत दिसलं. तुरा अगदी कोंबडीच्या पायासारखा, तीन बोटांचा. वाचनालयातल्या पुस्तकात शोधलं. नांगर यायच्या आधी आपल्याकडचा सगळा माळ याच गवताचा होता म्हणे. कब्रस्तान कुणी नांगरलं नाही, म्हणून तिथे ते टिकलं. याची मुळं माणसाच्या उंचीहून खोल जातात. म्हणजे ओलियुसपर्यंत पोचत असतील, नाही का?

यंदाही ते उगवलंय का? असेल तर कुदळ लावू नकोस. लोकांना बोलू दे.

वेळेवर जेवत जा.

तुझी ताई,
उरसुल

ता. क. काल लिहिलेलं हे पत्र आज पुन्हा वाचलं. तू ऐकायची नाहीस. चुना तेवढा भिजवून ठेव. सकाळीच जाऊन मी तिकडे यायचं बसचं तिकीट काढलं.