दामोदरकाकांची कंबर

४ नोव्हें. ७३, रवि.
आज खोटं बोललो आणि वर चहा प्यालो.
मामाच्या सायकल दुकानात पंक्चर काढत होतो. कॉलेज सोडल्यापासून हेच. (सोडलं काय! दुसऱ्या वर्षाला डेमॉन्स्ट्रेटरच्या अंगावर स्टूल फेकल्यावर परत जायला तोंडच राहिलं नाही.) समोरून सुमन धावत आली. यापुढं सु. लिहीन, वही बाबांच्या हाती लागली तर वांधे. तिचे बाबा, दामोदरकाका, सुताचं गाठोडं उचलायला वाकले ते वाकलेलेच राहिले.
"तुमच्याकडं कोणी पायाळू आहे का जी?"
"मी आहे."
मामा नुसता पाहत राहिला. पायाकडून जन्मलेल्यानं कमरेवर लाथ दिली की उसण उतरते, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी डोक्याकडून आलेलो.
काका सतरंजीवर पालथे. शेजारची म्हातारी म्हणाली, "हळूच दे गा, डाव्या पायानं, तीन डाव. नुसतं लावल्यासारखं." सु. दाराला टेकून पाहत होती. रोजचे दीडशे दंड माझे. हळूच दिली नाही.
तिसऱ्या लाथेला काकांचा श्वास अडकला. मग म्हणाले, "बरं वाटून राहिलं."
चहा सु.नं केला होता. गोड होता.

६ नोव्हें.
काका उठलेच नाहीत. डावा पाय पोटरीपर्यंत बधीर. हातमाग बंद, साडी अर्धी मागावर तशीच. सु. दुकानाशी आली, "अजून एक डाव याल काय?" म्हटलं, आज वार बरोबर नाही. हे दुसरं खोटं.

९ नोव्हें.
काकांना रिक्षात आडवं घालून दवाखान्यात नेलं. पाय मी धरले होते. डॉक्टर म्हणाले, मणक्यामधली गादी सरकली. तीन आठवडे लाकडी फळीवर झोपा. "कोणी तुडवलं-बिडवलं तर नाही ना?"
काका माझ्याकडे न पाहता, "नाही साहेब. सूत उचलून राहिलो होतो."
बाहेर येऊन रिक्षावाल्याशी विनाकारण भांडलो. कॉलर धरली त्याची. तो माझ्या बाबांच्या वयाचा.

११ नोव्हें.
आईला आडून विचारलं, मी जन्मलो कसा.
"डोक्यानं आला. म्हणून तर अजून डोकंच पुढं करून राहिला."
तिला काही कळलंय की काय? मामा बोलला असेल.
सायंकाळी व्यायामशाळेत गेलो. दंड मारवेना. खाली जाताना काकांची पाठ दिसते.

१५ नोव्हें.
व्यायामशाळेच्या वस्तादांना अर्धं सांगितलं. कंबर काकांची, लाथ "कोणाची तरी". वस्तादांची स्वतःची कंबर तरुणपणी नाल उचलताना गेली होती. पैज लावून, मूठ कोरलेला मणभर दगड. दोन वर्षं वाकता येत नव्हतं. आज साठीत ताठ.
"लाथ कोणं मारली बे?"
"होता एक."
"बैल होता." मिशी ओढली. मग म्हणाले, "बस. लिहून घे. अन् त्या बैलाले सांगजो, कंबर लोखंडाची नसते."

लिहून घेतलं ते असं. दंड, बैठका, मुद्गलांची जोडी फिरवणं, वाकून काहीही उचलणं बंद. कायमचं म्हणा ना. आधी पालथं पडून नुसता श्वास, शंभर मोजेपर्यंत. मग कोपरांवर छाती उचलणं, कंबर ढिली सोडून. उताणं, गुडघे मोडून, ढुंगण चार बोटं वर. चालणं रोज, आज खांबापर्यंत तर उद्या पुढच्या खांबापर्यंत. उठताना आधी कुशीवर, मग हात टेकून. कळ पायात खाली उतरली तर तिथंच थांब. कळ वर कमरेकडे सरकली तर समज बरं होऊन राहिलं.
हे शेवटचं मला तीनदा विचारावं लागलं. उलटं वाटतं.

२ डिसें., रवि.
फळीचे दिवस संपले. डॉक्टरांनी वस्तादांचा कागद वाचून पाहिला, म्हणाले चालेल, पण घाई नको. सकाळी सहाला काकांना धरून व्यायामशाळेत आणलं. मातीवर नाही, बाजूच्या ओट्यावर घोंगडी अंथरून. श्वास जमला. कोपरांवर चौथ्यांदा उचलताना चेहरा पांढरा पडला. मी "अजून एक, अजून एक" करत होतो. वस्तादांनी पाठीमागून माझी मान धरली. "तुले घाई काहून आहे?"
काका हसले. "पोरगं चांगलं आहे जी. रोज येते."
घरी येऊन जेवलो नाही.

९ डिसें.
दहा खांबांपर्यंत चालले. कळ पोटरीतून मांडीत आली. म्हणजे वर. मी रस्त्यात नाचायचा बाकी होतो.
सु.नं संत्री दिली. सोलून. बोटाला बोट

१६ डिसें.
काका मागावर पंधरा मिनिटं बसले. मी खाली उशी, पाठीला सतरंजीची गुंडाळी लावून दिली. मागावर धावणाऱ्या धोट्याचा आवाज ऐकून म्हातारी धावत आली आणि गल्लीभर सांगत सुटली, पोराच्या पायाचा गुण!
आता दुकानावर कमरा येऊ लागल्या. काल एक हमाल, आज दोन बाया. हाकलून दिलं. एकीला तर इतकं टाकून बोललो की मामानं पाना फेकला माझ्याकडे.
सु. म्हणाली, "राग काहून करता? देवानं गुण दिला तर द्यावा माणसानं."
ती ज्याच्याकडे अशी पाहते तो मी नाहीच.

२३ डिसें., रवि.
झालं.
भिवापूरची मौशी आली, सु.ची. मिरच्या तोडून तोडून कंबर गेलेली. एसटीनं, माझ्या पायासाठी. मी पोचलो तोवर सतरंजीवर पालथी पडून तयार. सु.नं पाय धुवायला तांब्या पुढं केला. मी पाय धुतले. पाय उचललाही. मौशी खालून म्हणाली, "बाप्पा, जोरानं दे. सुमीचा बाप याच्यानंच उठला."
पाय खाली ठेवला. म्हटलं, मी पायाळू नाही.
कोणाला कळेना. पुन्हा म्हटलं. काकांची गादी माझ्या लाथेनं सरकली, तेही म्हटलं.
मौशी उठून बसली, पदर घेतला. काका मागावर होते, धोटा थांबवून म्हणाले,
"पायाळू नव्हता, ठीक. पण त्या दिवशी एवढ्या जोरानं काहून मारली बे?"
उत्तर तांब्या धरून समोरच उभं होतं: सु. ती पाहत होती म्हणून. तिच्या बापाच्या पाठीवर उभा राहून मी तिला माझं बळ दाखवत होतो. हे कुठल्या तोंडानं सांगायचं? ओल्या पायांनी निघून आलो. चपला तिथंच.

२४ डिसें.
सहाला घोंगडी अंथरली. काका आले नाहीत. वस्तादांना उरलेलं अर्धं सांगितलं. "मले पहिल्याच दिवशी समजलं," म्हणाले. "चल, घोंगडी झटक."

२६ डिसें.
सकाळी सु. व्यायामशाळेच्या फाटकाशी. आत बाया येत नाहीत, मी बाहेर गेलो. माझ्या चपला पिशवीत आणलेल्या.
"बाबा इथं येणार नाही म्हणते. घरीच करतील. पुढचं काय करायचं ते लिहून द्या."
भिंतीला कागद लावून लिहिलं. कशानंतर काय, किती वेळा, कुठं थांबायचं. तिनं प्रत्येक ओळ वाचली. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.
"हे तरी खरं आहे ना जी?"
"वस्तादांचं आहे. माझं नाही."
घडी घातली, गेली. 
कागदावर एकाच आठवड्याचं लिहिलं. पुढच्या पाच आठवड्यांचं वस्तादांनी सांगितलेलं मला पाठ आहे. मुद्दाम थांबलो, पुन्हा यावं लागेल म्हणून. काकांची कंबर, आणि मी अजून तिच्यावर पाय देऊनच उभा.
दुपारी पाचही आठवडे लिहून काढले. कागद समोर आहे. त्यांच्या दारात टाकून यायला दोन मिनिटं लागतात. तेव्हापासून दोनदा चपला घातल्या आणि काढल्या. आता तिसऱ्यांदा घातल्या, कागद घेतला.