तुझ्या हाताखालची जागा

प्रिय चिंगे,

तुझा फोन ठेवला त्याला चार दिवस झाले. मी फारच गोड बोलले, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. थोरली गोड बोलायला लागली की समजावं काहीतरी बिनसलंय, असं आई उगाच म्हणायची नाही. तुझ्या गोदामात तुझ्या हाताखाली स्टॉक क्लार्कची एक जागा निघालीय, ती तू माझ्यासाठी धरून ठेवलीस आणि शुक्रवारपर्यंत अर्ज हवाय. मी ‘पाठवते गं’ म्हणाले, फोन ठेवला आणि तुझ्या भाऊजींवर विनाकारण खेकसले. बिचारे नुसते चष्मा शोधत होते.

आधी इकडचं सांगते. आमच्याकडे पाच क्लार्कचे आता दोन होणार. स्कॅनर आलेत. पंपांचे सुटे भाग दारातून आत आले की यंत्र टुकटुक वाजतं आणि आकडा आपोआप कम्प्युटरवर उमटतो. प्रत्येक कप्प्याला आपण जी कार्डं लटकवायचो, आवक, जावक, शिल्लक लिहिलेली, ती मागच्या महिन्यात रद्दीत गेली. मॅनेजरांनी मला बोलावून सांगितलं की तुमचा अनुभव मोलाचा आहे. आपल्या कामात अनुभवाचं कौतुक सुरू झालं की आपली पिशवी आवरायला घ्यावी. मुख्य क्लार्क म्हणून मला मिळालं तरी काय? दाराजवळची खुर्ची, सगळ्यांच्या चुका माझ्या माथी, आणि नोकरीला चौदा वर्षं होऊनही काल लागलेल्या पोरीपेक्षा पगार जेमतेम चार दिवसांच्या भाजीइतका जास्त. याच्या वरची पायरी आमच्याकडे नाही, कधीच नव्हती. दुसरीकडे दोन ठिकाणी विचारून आले. दोन्हीकडे त्या पोरीइतकाच पगार सांगितला, आणि एकानं तर माझं वय ऐकून नुसती मान हलवली.

आणि तू मात्र तिकडे सगळ्या साठ्यावरची स्टॉक कंट्रोलर. तुझा पगार मी विचारला नव्हता, तूच बोलण्याच्या भरात सांगून गेलीस. माझ्या दुपटीपेक्षा थोडासाच कमी, वर भरपगारी आजारपणाची रजा. चिंगे, खरं सांगते, मी जळले. अजून जळतेय. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी जिन्यात मोठ्यानं म्हणाले आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं मी त्यांच्या सुनेबद्दल बोलतेय. त्या तेव्हापासून माझ्यावर फार खूश आहेत.

हे आजचं नाही. शाळेचा माझा जुना गणवेश तुझ्या अंगावर नव्यासारखा दिसायचा, तेव्हापासूनचं आहे. तुला आमच्या या गोदामात मीच आणलं. मालाला हात लावल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, मागची रांग पुढे ओढून बघायची, आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा, हे सगळं मीच शिकवलं, आणि मला वर्ष लागलं ते तू महिन्याभरात उचललंस. जास्त खपणारे भाग दाराजवळच्या कप्प्यांत ठेवा, असं मी दोन वर्षं ओरडत होते. पालथ्या घड्यावर पाणी. तू एकदा हळू आवाजात सांगितलंस आणि आठवड्यात कप्पे हलले. त्या दिवशी मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, धाकटीला विचारत जा. मी त्याच टेबलापाशी उभी होते. तू माझ्याकडे बघून हसलीस, आणि तुझ्या त्या हसण्यात काहीही वाईट नव्हतं याचाच मला जास्त राग आला.

मग जुने मुख्य क्लार्क निवृत्त झाले. जागा एक आणि आपण दोघी. मॅनेजरांनी उघडच सांगितलं होतं की वर्षअखेरच्या मोजणीत जिचा हिशेब चोख, तिची खुर्ची. पुढचं तुला माहीत आहे. तुझ्या कप्प्यातल्या रबरी रिंगा कागदावर दुप्पट लागल्या. त्या आकड्याच्या भरवशावर मोठी ऑर्डर घेतली गेली, माल निम्मा निघाला, गिऱ्हाइकाचे पंप आठवडाभर उघडे पडून राहिले. तुला सगळ्यांसमोर बोलणी बसली. खुर्ची मला मिळाली. दोन महिन्यांत तू नोकरी सोडलीस आणि संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ते स्टॉकचं सॉफ्टवेअर शिकलीस. लोक म्हणायचे, बरंच झालं, पोरीचं भलं झालं. मीही म्हणायचे. खरं तर मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. घरी पेढे आणावेत तशी मी खुर्ची मिळाल्याची बातमी घेऊन आले होते, आणि आईनं पहिला प्रश्न विचारला की चिंगी जेवली का.

आता तू मला तुझ्या हाताखाली घेतेयस, आणि ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही, म्हणून हे लिहितेय. त्या मोजणीच्या दुपारी तू रबरी रिंगांचं लाल पाकीट घेऊन माझ्या टेबलाशी आलीस. मोजणीत सीलबंद पाकीट फोडायचं नाही हा नियम, म्हणून तू मला विचारलंस की ताई, यात पन्नासच ना. तो माल मीच उतरवून घेतला होता. नेहमीप्रमाणे एक पाकीट फोडून मोजलंही होतं. नव्या व्यापाऱ्यानं तशाच लाल पाकिटात पंचवीसच भरल्या होत्या. कार्डावर ते लिहायचं माझ्याकडून राहिलं होतं, आणि तोवर ते खरोखरच चुकून राहिलं होतं. मी मान वर न करता म्हणाले, हो, पन्नास. चौकशीत तू माझं नाव घेतलं नाहीस. उलट बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणालीस की ताई, तूही घाईत होतीस, होतं असं कधी कधी. तीन वर्षं तू समजतेयस की ताई चुकली. ताई चुकली नव्हती, चिंगे. पंचवीसच आहेत हे मला माहीत होतं. भरलेला अर्ज सोबत ठेवलाय, कारण मला ती जागा हवीय, आणि तुझ्या हाताखाली असली तरी हवीय. माझ्या कामाची खात्री देणारी सही तुलाच करायची आहे. करावीशी वाटली नाही, तर मला फोन करून समजावत बसू नकोस. शुक्रवार उलटला की मी समजून घेईन.

तुझीच,
ताई