फाटकाजवळचा खोकला

११ जानेवारी १९८८, नागपूर

आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन आज सहावा दिवस. डॉक्टरांनी मला — मला! — कागदावर आकृती काढून सारे समजावले. मांडीच्या हाडाचे झिजलेले टोक तासून त्यावर धातूची टोपी, खालच्या हाडावर धातूची बैठक, मध्ये गुळगुळीत प्लास्टिक; हाडांना सिमेंटने पक्के केलेले.

"गुडघा आम्ही बसवला, वाकवायचा तुम्ही," ते म्हणाले. सहा आठवड्यांत काटकोनापर्यंत. जमिनीवर बसणे मात्र आयुष्यभर बंद.

संधिवातामुळे सात वर्षे भिंती धरून चाललेली माझी आई. ती चालेल. मी चालवीन!

२७ जानेवारी, कोंढा

घरी आलो. बाबांनी पवनीहून हातांची उंच खुर्ची आणली आहे. कोनमापकाने मोजले — सत्तर अंश.

२९ जानेवारी

सायंकाळी फाटकाजवळ खोकला. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ मारोतराव. भावसुनेला, म्हणजे आईला, पदर घ्यायला सवड मिळावी म्हणून आत येण्यापूर्वी ते खोकतात. बावीस वर्षांची रीत. आईने पदर घेतला आणि खुर्चीवरून सरकून थेट जमिनीवर!

ते गेल्यावर मी आणि बाबांनी तिला उचलले. "भासऱ्यापुढं खुर्चीत बसू का मी? लोकं काय म्हनतीन?"

गुडघा टम्म सुजला.

३ फेब्रुवारी

रोज खोकला, रोज जमीन. आज साठ अंशांपुढे वाकेना.

देवकाआत्या म्हणते, "मोठ्यायचा मान रायते बाई. पाच मिनिटं खाली बसल्यानं का होते?"

काय होते? ती पडली, आतली बैठक हलली, तर पाय पुन्हा उघडावा लागेल! हे मी फक्त मनात ओरडले. शालान्त परीक्षेत तालुक्यात पहिली आलेली मी मोठेबाबांसमोर मुकी होते.

४ फेब्रुवारी

बोलता येत नसेल, पण लिहिता येते. अकरा ओळींचे पत्र. एकही ओळ मवाळ नाही. मोठेबाबांच्या पानाच्या डब्याखाली ठेवून आले.

५ फेब्रुवारी

फजिती! मोठेबाबांना अक्षरओळख नाही — एवढी साधी गोष्ट या हुशार मुलीच्या ध्यानात आली नाही!

ते पत्र घेऊनच आले. खोकले. आई खाली. "वाच पोरी. कोनाचं हाये पाह्य."

सर्वांसमोर! कागद घेतला आणि वाचले. माझे नावसुद्धा. शेवटची ओळही गाळली नाही — 'आपला मान माझ्या आईच्या गुडघ्याहून मोठा नाही.'

"अगा माय! येवढी जीभ?" आत्या.

मोठेबाबांनी काठी घेतली आणि निघून गेले. बाबा म्हणाले, "जाऊन माफी माग."

नाही मागणार.

६ फेब्रुवारी

नाही म्हणजे नाही.

१० फेब्रुवारी

मोठेबाबा फिरकले नाहीत. ऐंशी अंश! आई माझ्याशी बोलत नाही. गुडघा मात्र दात-ओठ खाऊन वाकवते.

१३ फेब्रुवारी

फाटकाजवळ खोकला. मी धावत आईजवळ गेले. तिने पदर घेतला, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले — आणि बसून राहिली. मोठेबाबा दारातच थबकले. बावीस वर्षांत त्यांच्याशी एक शब्दही न बोललेली माझी आई म्हणाली, "या. बसा."

मोठेबाबांनी काठी दाराला टेकवली. मग म्हणाले, "असा आवाज हाये काय बाई तुया!"