खडूची शेगडी

प्रिय खारूताई,

पत्रात आधी समोरच्याची चौकशी करावी आणि मग आपलं रडगाणं गावं, असं शाळेतल्या सिस्टरांनी आमच्याकडून घोटून घेतलं होतं. म्हणून आधी तेच विचारते. बरी आहेस ना? तुझ्या खोलीत ऊब असते ना? फोनवर तू ‘हो गं’ म्हणतेस, पण तुझं ‘हो गं’ मला चांगलं ठाऊक आहे. ओले मोजे चढवून शाळेत निघालीस तरी ‘हो गं’च म्हणायचीस.

इथे थंडी पडली. सकाळी खिडकीची काच आतून धुरकटते आणि मी तिच्यावर बोटाने एक रेघ ओढते, तू ओढायचीस तशी. शेगडीजवळचं तुझं बुटकं स्टूल हलवलेलं नाही. त्यावर आता मांजर बसतं. परवा सरपणाच्या पेटीमागे झाडू घातला, तर तू लपवलेला ढलप्यांचा साठा निघाला. सुतारकाकांच्या दुकानातून फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायचीस, म्हणून तर बाबांनी तुझी खारूताई केली. इतक्या वर्षांत त्या अशा खडखडीत वाळल्यात, की काडी लावताच भडकल्या. एक मी ठेवून घेतली. कशाला, ते विचारू नकोस.

एक बातमी सांगायची आहे. घाबरू नकोस, सगळे सुखरूप आहेत. पलीकडच्या शिंपीणकाकूंच्या धुराड्याने पेट घेतला. छपराच्या वर ज्वाळा आणि भिंतीच्या आत घरघर, जनावर कोंडल्यासारखी. शेगडी अर्थात बाबांच्या हातची. झोपताना हवेची झडप घट्ट लावून टाका, सकाळपर्यंत निखारा टिकेल, हेही त्यांनीच सांगितलेलं. ‘माझी शेगडी सकाळी विझलेली दाखवा,’ असं ते किती ताठ मानेने म्हणायचे, आठवतं ना? आग विझल्यावर ते स्वतः वर चढले. धुराड्याच्या आत कोंडलेल्या धुराचा डांबरासारखा काळा, चकचकीत थर बसला होता, तोच पेटला होता. त्यातला उरलेला त्यांनी खरवडून डब्यात भरून आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि ताटाकडे न बघता त्याच्याकडेच बघत बसले.

तू हेच तर सांगत होतीस. शिक्षण संपवून आलीस आणि आल्या आल्या बाबांच्या शेगड्यांच्या कारखान्यात भिंतीवर खडूने शेगडी काढलीस. आत विटांचं अस्तर, वर आडवा पत्रा, मागून हवा तापवत आणणारी नळी, आणि ती हवा आत सोडायला भोकांची रांग, म्हणजे धूरसुद्धा जळून जाईल. लाकूड कोंडून धुमसवू नका, त्याला नीट जळू द्या, ऊब जास्त मिळेल आणि सरपणही कमी लागेल, असं तू म्हणालीस. बाबा हसले. ‘धूर जाळणार? मग उद्या राखही जाळशील.’ गिऱ्हाईकंही हसली. तू हसली नाहीस. ‘तुमच्या शेगड्या घरं कमी तापवतात आणि धुराडी जास्त भरतात,’ असं सगळ्यांसमोर म्हणालीस. ‘मग जा, आपल्या शेगडीपाशी बस,’ असं ते म्हणाले, आणि तू खरंच गेलीस. हनुवट्या तर दोघांच्या एकाच साच्यातल्या. तेव्हापासून मी मध्ये झडपेसारखी आहे. फार उघडलं तर भडका, फार लावलं तर गुदमर.

त्या आगीनंतर बाबांनी विकायला एकही शेगडी केलेली नाही. लांब दांड्याचा ब्रश घेऊन घरोघरी फिरतात, धुराडी घासतात आणि झडप पूर्ण लावू नका म्हणून बजावतात. लोकांना वाटतं, म्हातारा आपलंच बोलणं फिरवतोय. संध्याकाळी मात्र कारखान्याचं दार लोटून आत ठोकाठोक चालते. चहा द्यायच्या निमित्ताने डोकावले, तर एक नवी शेगडी उभी होती. विटा, आडवा पत्रा, मागून नळी, सगळं तू काढलं होतंस तसं. पण पेटवली की धूर माघारी येतो आणि शेगडीच्या दाराची काच बघता बघता काळी होते. मग ते भोकं बुजवतात, दुसरीकडे पाडतात, पुन्हा बुजवतात. मी म्हटलं, ‘अहो, चाळणी झाली हिची.’ तर म्हणाले, ‘असू दे, तुला पीठ चाळायला होईल.’ कितीतरी दिवसांनी त्यांनी थट्टा केली, आणि मला रडू आलं.

काल ते कामाला गेल्यावर मी कारखाना झाडायला घेतला. त्यांचा कातडी एप्रन, तू गेलीस तेव्हापासून ते वेगळ्याच खिळ्याला अडकवतात. वाटेत येतो म्हणून मी किती कटकट केली असेन. काल तो पहिल्यांदा मी काढला. त्याच्यामागे तुझी शेगडी होती, गं. मला वाटत होतं, त्यांनी ती त्याच दिवशी पुसली असणार. त्यांनी तर ती झाकून ठेवली होती, कुणी पुसू नये, कुणी हसू नये म्हणून. विटा आहेत, नळी आहे, हवेचे तुझे बाण आहेत. पण एप्रन रोज काढायचा, रोज अडकवायचा. कातडं जिथे घासलं तिथे भिंत कोरी झाली आहे, आणि तिथेच भोकांची रांग होती.

मी तशीच उभी असताना ते आले. मला वाटलं, चिडतील. त्यांनी माझ्या हातातून एप्रन घेतला, जमिनीवर ठेवला आणि त्या कोऱ्या जागेकडे बघत म्हणाले, ‘तिला विचार, भोकं किती उंचीवर होती.’ दारापर्यंत जाऊन पुन्हा वळले. ‘मी विचारलं म्हणून सांगू नकोस.’ म्हणून हे पत्र. उत्तर लिहू नकोस, फोनवरही सांगू नकोस. खडू मी आणून ठेवला आहे, आणि आज सकाळी बाबांनी मांजराला स्टुलावरून उठवलं.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई