जीपमधून खाली उतरवलं तो दिवस

आक्का,

आज सकाळपासून मला एका जागी बसवत नाहीये. तुझा नातू, ज्याला तू पाहिलंच नाहीस, लांब उत्तरेकडं शिकायला आहे. तिकडं थंडीचा कडाका पडलाय. काल फोनवर त्याचा आवाज जड लागला. "थोडी कणकण आहे, तू येऊ नकोस," म्हणाला आणि मध्येच खोकला. एवढंच. तेव्हापासून मी धुतलेली भांडी पुन्हा धुतलीत, त्याची गादी उन्हात टाकून परत आत आणलीय, गाडीची तिकिटं बघून ठेवलीत आणि काढलेली नाहीत. तुझा जावई म्हणतो, मिशा फुटल्यात त्याला, घेईल की गोळी. घेईलही. पण माझं मन तिथं नाहीच. ते बारामतीच्या हॉस्टेलात जाऊन बसलंय, मी आठवीत होते त्या हिवाळ्यात. सगळं गाव तुला आक्का म्हणायचं म्हणून मीही आक्काच म्हणत आले. आई म्हणायचं राहूनच गेलं. असो.

ते हॉस्टेल तुला आठवत असेल. कालव्याच्या कडेला, वर पत्रे, एकच लांब हॉल आणि भिंतीला लागून आमच्या वळकट्या. सकाळी कालव्यावरून धुकं उठायचं ते दारं लावली तरी आत आल्यासारखं वाटायचं. आंघोळीला हौदातलं पाणी. स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू होत्या, आम्ही एकमेकींना खेटून लेझीम खेळत होतो आणि त्यातच एक मुलगी तापानं फणफणली. मग तिच्या शेजारची. बघता बघता निम्मा हॉल खोकायला लागला. गावोगाव निरोप गेले, आईबाप यायला लागले. कुणाच्या आईनं लिंबाचा पाला आणि नारळ आणला, दारातच लेकीवरून ओवाळून टाकला. कुणी डिंकाचे लाडू आणले, कुणी नुसतीच आली आणि रडत बसली. एकीचे वडील उसाच्या फडातून तसेच आलेले, अंगाला पाचट चिकटलेलं. त्यांनी लेकीला पाठुंगळी घेतलं आणि स्टँडच्या वाटेला लागले. मी खिडकीशी बसून हे सगळं बघते आहे. रोज एखादी वळकटी कमी होते आहे. मलाही ताप आहे, पण मला तापाचं काही नाही. आपल्या निरवांगीकडची गाडी आली का, एवढंच मला हवं आहे.

तुम्ही दोघं एसटीनं नाही आलात. आबा लोणी देवकरच्या कारखान्यातली पाळी सोडून, गावातल्या कुणाची तरी जीप मागून, स्वतः चालवत आले होते. वडील इतके घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. मला घोंगडीत गुंडाळलं, उचललं आणि जीपच्या मागच्या सीटवर आडवं केलं. डिझेलचा वास, सीट थंडगार, आणि मला वाटलं, सुटले. तू दारात रेक्टरबाईंशी बोलत उभी होतीस. त्या बिचाऱ्या स्वतःच खोकत होत्या.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "इथं बघायला माणसं नाहीत. बरी झाली की आणून सोडा."

"आजारी म्हणून नेलेल्या सगळ्या परत येत्यात का, बाई?" तू विचारलंस.

"सगळ्या नाही येत," त्या हळूच म्हणाल्या.

मग तू जीपपाशी आलीस आणि मागचा पडदा वर केलास.

"उतर."

आबा पुढच्या सीटवरून वळले. "काय लावलंय हे? पोरगी भाजतीय नुसती."

"हितं दवाखाना हाय, डागदर हाय. आपल्या गावात काय हाय?"

"तिचं घर हाय."

"तेच म्हणती मी. घरला नेली की ती घरचीच हून बसती. थोरल्या भावजींची पोर गोवर झाला म्हणून आणली, ती परत गेली का? उन्हाळ्यात लगीन झालं तिचं. तुमीच अक्षता टाकल्या."

"मी काय हिचं लगीन लावतोय व्हय?"

"तुमी न्हाय. पर तुमची आई म्हणंल, पोर अशक्त हाय, ऱ्हाऊ द्या औंदा. आन् तुमी व्हय म्हणाल. तुमाला न्हाय म्हणता येत न्हाय, हे तुमी बी जाणता आन् मी बी."

आबांचा आवाज फुटला, "आन् हिला काय झालं तर?"

तू आत वाकलीस आणि घोंगडीसकट मला ओढलंस. मी सीटचा लोखंडी दांडा घट्ट धरला होता. तू माझी बोटं एकेक करून सोडवलीस. ओरडली नाहीस, समजावलं नाहीस, माझ्याकडं बघितलंही नाहीस. तुझे हात मात्र गार पडले होते, तापल्या अंगाला ते झोंबले. आबा म्हणाले, "हिला काय झालं तर तुझं तोंड बघायचा न्हाय मी," आणि रिकामी जीप घेऊन निघून गेले. धूळ खाली बसेपर्यंत आपण दोघी तशाच उभ्या. मग तू रेक्टरबाईंना म्हणालीस, "बघायला माणूस न्हाय म्हणला न्हवं? मी ऱ्हाती."

राहिलीस. माझ्या उशाशी आणि राहिलेल्या बाकी मुलींच्याही. त्यांना पेज पाजायचीस, त्यांची डोकी चेपायचीस. मी तुझ्याशी बोलत नव्हते. मग माझ्या छातीत घरघर सुरू झाली, डावा कान ठणकून वाहायला लागला आणि रेक्टरबाईंनी रिक्षा बोलावून आपल्याला दवाखान्यात पाठवलं.

तिथं तू एका जागी टेकली नाहीस. मला सलाईन लावलेलं, डोळे अर्धे उघडे, आणि तू सतत हलताना दिसतेस. खाटेचे पाय पुसतेस. शेजारच्यांचे तांबे भरून आणतेस. कुणाच्या तरी पोरीची वेणी घालतेस. शेजारच्या खाटेवरची म्हातारी तुला म्हणाली, "बाय, बस जरा. एखादा नवस तरी बोल." आपल्या घरातले देव आजोबांनीच, धम्माची दीक्षा घेतली तेव्हा, नीरा नदीत सोडलेले. तू म्हणालीस, "मावशी, नवस बोलायला आमच्यात कुणी न्हाय." सकाळी तू बुद्धवंदना म्हणायचीस, हात जोडून, पुटपुटत. पण तिच्यात मागणं नसतं. तुला मागता येईल असं कुणीच नव्हतं, आणि ज्यांच्याशी भांडता आलं असतं ते आबा तुझ्याशी बोलत नव्हते. ते पाळी संपवून यायचे, दारात उभे राहायचे, दुधाची बरणी नर्सच्या हातात द्यायचे आणि तुझ्याकडं न बघता जायचे.

इथं थांबून मी मुलाला फोन लावला. उचलला नाही. वर्गात असेल. असेलच.

माझा ताप उतरला त्या दुपारी आबा आलेले होते. मी म्हणाले, भूक लागली. आबा तिथंच पायरीवर बसले आणि टोपीत तोंड घालून रडायला लागले. तू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिलीस. "रडू नगा. मोसंबी आणा तिला." ते उठून गेले आणि मोसंबी घेऊन आले. तुमचं भांडण तेवढ्यावर मिटलं. पण तिथूनही तू मला गावी नेलं नाहीस. अंगात चालायचं बळ नव्हतं, तरी रिक्षात घालून सरळ हॉस्टेलवर. संक्रांतीनंतर बऱ्याच जणी परत आल्या. पाठुंगळी बसून गेलेली ती मुलगी मात्र आली नाही.

कानाचं म्हणशील तर डाव्या कानानं मला कमी ऐकू यायला लागलं, ते कायमचं. आबांनी नेलं असतं तर कान वाचला असता, की गावात दवाखान्यावाचून जीवच गेला असता, हे मी पुढं डॉक्टरांनाही विचारून पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. मी बारावीत असताना तू गेलीस. शाळेच्या सुट्टीत घरी यायचे तेव्हा तू माझ्या उजव्या बाजूला बसून बोलायचीस, पण त्या दिवसाचा विषय तू काढला नाहीस आणि मीही नाही. मला वाटायचं, वेळ आहे.

थोरल्या काकांची ती मुलगी, गोवर होऊन घरी आली ती, इंदापुरात असते. परवा लग्नात भेटली. आता तिला सून आलीय, अंगानं भरलीय, मजेत दिसली. माझ्या नोकरीचं, घराचं सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "तुझ्या आईनं तुला जीपमधनं वढून काढलं, म्हणून तू हितवर आलीस. माझ्या आईनं मला जवळ घिऊन गोधडी घातली." आणि हसली. "पर खरं सांगू का, मला ती गोधडी लई गोड लागली व्हती गं."

मीही हसले. पण तेव्हापासून ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. ही जीपची गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली असेल. ऑफिसात, मुलींच्या शाळेत पाहुणी म्हणून गेले तेव्हा, तुझ्या नातवाला तर कितीदा. दर वेळी अभिमानानं सांगते आणि लोकांचे डोळे भरून येतात. तू केलंस ते बरोबर होतं, आक्का. तुझ्या जागी मी असते तर माझ्याच्यानं झालं नसतं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते: मला त्या दिवशी घरी जायचं होतं. आजही कधी ताप भरला की मला वाटतं, कुणीतरी जीप घेऊन यावं, मला घोंगडीत गुंडाळावं, आणि तू मध्ये पडू नयेस.