काट्याखालचा स्क्रू

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (पोट वाकू देतं तितकाच). तब्येत बरी ना? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? माझं ठीक आहे. तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून फोनऐवजी हे पत्र.

वजनकाटे दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. साऱ्या जगाचं वजन बरोबर दाखवायचं आणि स्वतःचं लपवायचं, हाच धंदा. तुझ्या आग्रहाने तुझ्याच डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं. महिन्यात चार किलो उतरवा, म्हणाल्या. तीन दिवस काकडी खाल्ली. चौथ्या दिवशी भरपेट जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात उभ्याने भाजीचं पातेलं पावाने पुसून खाल्लं. (बायकोने बाहेरून आवाज ऐकला आणि आणखी एक पाव आणून ठेवला. तेच जास्त लागलं.)

महिना भरला त्याच सकाळी बाईंच्या काट्याची वार्षिक तपासणी माझ्याकडे होती. खाली स्क्रू, हातात पेचकस, खोलीत चिटपाखरू नाही. फिरवला, ताई. म्हटलं, माझं वजन झालं की लगेच सरळ करू.

माझे 'उतरलेले' चार किलो बघून बाई इतक्या हरखल्या की मला खुर्चीत बसवून समजावू लागल्या. पोटातलं घ्रेलिन नावाचं हार्मोन म्हणे भूक लावतं आणि चरबीतलं लेप्टिन मेंदूला 'पुरे' सांगतं. आमच्यासारख्यांत लेप्टिन उदंड, पण मेंदू त्याचं ऐकेनासा होतो (घरातल्या वडीलधाऱ्यांचं होतं तसं). घ्रेलिनही जेवल्यावर इतरांसारखं खाली बसत नाही, आणि वजन उतरलं की उलट चढतं. "हा तुमचा दोष नाही हो," त्या म्हणाल्या. पन्नास वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. डोळे भरून आले. आणि नेमका त्याच सकाळी दोष माझा होता! खिशातला पेचकस मांडीला टोचत होता.

तोवर बाहेर रांग लागली आणि काटा तसाच राहिला. त्या आठवड्यात झाडून सगळ्यांची वजनं उतरली. तुझेही चार किलो गेले. बाईंनी सगळ्यांसमोर तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि तू मला फोन करून रडलीस, "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जमलं रे." मी अभिनंदन केलं. त्या दिवसापासून घास गोड लागत नाही (खातो मात्र तेवढेच).

भावोजींना नमस्कार. हे पत्र त्यांना दाखवू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : तू कपडे आत घ्यायला टाकलेस आणि आता ते अंगात शिरत नाहीत, म्हणून शिंपिणीशी भांडतेस असं कळलं. तिची माफी माग. तिने माप बरोबरच घेतलं होतं, तूच 'अजून उतरणार आहे' म्हणून दोन बोटं जास्त आत घ्यायला लावलीस.

ता. क. दुसरा : काल काटा सरळ केला आणि बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वजनांची वही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "बाकीच्यांना मी सांगते. ताईंना तुम्हीच सांगा." सोमवारी तू काट्यावर चढशील तेव्हा चार किलो वाढलेले दिसतील. ते तू खाल्लेले नाहीत, मी फिरवलेले आहेत. रडू नकोस, उपाशी राहू नकोस. बाईंचं ते वाक्य माझ्यावर वाया गेलं, तू ठेव. तुझा दोष नाही.

ता. क. शेवटचा : सोमवारी मीही येतोय, तुझ्याआधी मी चढतो. हवं तर खिसे तपास, पण रांगेत शेजारी उभं राहू दे.